बायकोसाठी आणलेला फेझंट

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातले आमचे म्हातारे शेजारी प्रत्येक वाक्याला "नाही का?" जोडतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. त्यांची बायको मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते हुबेहूब उभे करायची. तिला विस्मरणाचा आजार झाला आणि ते काम सुटलं. पक्षी हातात आला तर हातांना तरी आठवेल, असं शेजाऱ्यांना वाटायचं.

म्हणून नोव्हेंबरात त्यांनी शिकारीला जाऊन एक फेझंट, लांब शेपटीचा रानपक्षी, बंदुकीने टिपला. परतताना गाडी मी चालवत होतो. रक्त पिसांवर येऊ नये म्हणून त्यांनी चोचीत कापूस घातला होता. पिसं विस्कटू नयेत म्हणून बायकोच्या जुन्या स्टॉकिंगमध्ये, म्हणजे लांब पायमोज्यात, पक्षी डोक्याकडून सरकवून, लांब शेपूट सांभाळत तो मांडीवर आडवा धरला होता.

"वळणावर हळू घे. शेपटीचं पीस मोडलं तर ती चिडेल, नाही का?"

एकही मोडलं नाही. घरी बाईंनी पक्ष्याच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा शेजारी माझ्याकडे बघून हसले. मग त्या भराभर पिसं उपटायला लागल्या.

"जेवायला किती जण आहेत?" बाईंनी विचारलं.

मी बाईंना थांबवायला पुढे झालो. शेजाऱ्यांनी मला हातानेच थांबवलं.

"तिघंच," ते म्हणाले आणि ओव्हन लावायला वळले.