राखणदाराची बाटली

तुळसाइतकी भित्री बाई शिरोड्याच्या गाबीतवाडीत दुसरी नव्हती. पाल चुकचुकली की तिच्या छातीत धस्स व्हायचं. पोस्टमन दिसला की कोण गेलं असेल, याची ती आधी मनात यादी करायची. आणि दैव बघा, वाडीची दारू करायचं काम नेमकं हिच्याच गळ्यात पडलेलं.

ती भट्टी लावून दारू गाळायची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. तेरेखोलच्या पलीकडून, गोव्यातून, तिचा भाऊ गंगाराम काजूची फेणी आणून द्यायचा. जांभळं पिकली की तुळसा कामाला लागायची. जांभूळ धुवायचं नाही, फडक्यानं एकेक पुसायचं. पाण्याचा थेंब राहिला तर सगळी बरणी बिघडते. बिया काढायच्या, मग चिनी मातीच्या बरणीत जांभळांचा थर, माडाच्या गुळाचा थर, वर चार लवंगा आणि शेवटी फेणी. तोंडाला फडकं बांधून बरणी भाताच्या तुसात पुरायची, दर सोमवारी हलवायची आणि चाळीस दिवसांनी मलमलीतून गाळायची. सासूनं हात धरून शिकवलं होतं. बाळंतिणीला चमचाभर, दर्यावर काकडलेल्या गड्याला घोटभर, आणि नारळी पुनवेला पहिली बाटली राखणदाराला.

राखणदार म्हणजे किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखालचा काळा धोंडा. पावसाळा संपत आला की होड्या पाण्यात घालायच्या आधी म्हातारा गावकर दाजी तिथं गाऱ्हाणं घालायचा, बाटली धोंड्यावर रिकामी करायचा आणि मगच होड्या हलायच्या. त्या बाटलीला माणसाचा ओठ लागता कामा नये, थेंब चाखूनसुद्धा बघायचा नाही, असा दंडक.

मग दारूबंदी आली. सरकारचं काय जातं, कागदावर सही केली की झालं. राखणदाराला कोण कळवणार? सासू गेली, नवरा काशीराम काविळीनं गेला, पण बरणी काही तुळसाला सुटली नाही. त्यात गोव्याच्या हद्दीवर पोलिसांची ये-जा वाढली. दरसाल ते चाळीस दिवस ती जेवायची ते नावाला. वाटेवर बूट वाजला की ती तुसावर आणखी तूस ओढायची.

सत्तावन्न साली तिचा एकुलता एक मुलगा सहदेव पहिल्यांदाच तांडेल होऊन स्वतःच्या जबाबदारीवर होडी नेणार होता. वय बावीस. पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारची सुगंधा कुंपणावरून म्हणाली, "तुळसा, जमादार इलोहा. घरां तपासतत."

झालं. तुळसानं तुसातली बरणी उपसली आणि मागच्या माडाच्या आळ्यात सगळी ओतली. तळाची जांभळं कोंबड्यांनी खाल्ली तर त्या झिंगतील आणि आपलं बिंग फुटेल, म्हणून तीही मातीत पुरली. जमादार आला, ओट्यावर बसून पाणी प्याला, घरात एक नजर टाकली आणि निघून गेला. घाटावरचा माणूस, त्याला उकाड्याचाच कंटाळा आला होता.

आता उद्याच्या बाटलीचं काय? बाटली नाही म्हणावं, तर होड्या हलणार नाहीत. तीन महिने सुक्या मासळीवर काढलेली वाडी तिला जित्तीच खाईल. शेजारी मागावी, तर बरणी ओतल्याचं सांगावं लागलं असतं. तुळसा घाबरली आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिनं केलं. कोकमाच्या आगळात गुळाचं पाणी घातलं, वर एक लवंग टाकली आणि बाटलीला बूच मारलं. रंग थेट तसाच. कोणी चाखणार नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दहा पावलांवर जमादार बंदोबस्ताला उभा होता. दाजीनं बूच काढलं, जरासा थांबला आणि बाटली धोंड्यावर ओतली. "बा राखणदारा म्हाराजा, लेकरांनी तुझो मान तुका दिलेलो आसा, तो मान्य करून घे आणि पोरांका सुखरूप परत हाड."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी म्हणाली. तुळसा पोराकडे बघत होती. सहदेवची होडी सगळ्यांत आधी लाटांवर चढली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याच्या हवाली आपण पोर केलं, त्यालाच आपण फसवलं होतं. आजवर तिला पोलिसाची भीती होती. पोलीस निदान निघून तरी जातो. ही भीती जाणारी नव्हती.

दुपारनंतर वारा फिरला. संध्याकाळी बाकीच्या होड्या आल्या, सहदेवची आली नाही. त्या होडीत चार जण होते. दुसरा दिवस उजाडला तरी पाण्यावर काही दिसेना. बाकीच्या तिघांच्या बायका किनाऱ्यावर रडत होत्या. तुळसाला रडायचीसुद्धा भीती वाटत होती, आपल्या रडण्याचं कारण कुणाला कळेल म्हणून. शेवटी दुपारी ती दाजीच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर बसली.

"दाजीनु, त्या बाटलयेत दारू नाय होती. कोकमाचा पाणी होता."

दाजीनं वाटेवर कोणी नाही ना ते बघितलं. मग म्हणाला, "माका ठावक आसा. बूच काढल्यार वास इलो नाय."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"जमादार हुबो होतो गो. मी पण भियालंय." म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "म्हटलंय, एका वर्साचा काय, घेईत समजून."

दोघंही एकमेकांकडे बघेनात. तुळसा तशीच उठली आणि धोंड्यापाशी गेली. माझो झिल सहदेव परत येऊ दे, तुझी बाटली भर दिसा, सगळ्यांदेखत तुका देतलंय, असं ती बोलली. एकदा नाही, तीनदा बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी होडी आली. वाऱ्यानं दक्षिणेला लोटली होती आणि रेडीच्या आडोशाला पोरं दोन रात्री अडकून पडली होती. शीड फाटलं होतं, पण चारही जण सुखरूप होते. सगळी वाडी देवाचं नाव घेऊ लागली. तुळसा मात्र सुगंधाकडे गेली. तिच्या सुनेच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षीची एक बाटली बूच न काढता फडताळात ठेवलेली होती, ती मागून घेतली.

सहदेव म्हणाला, "आये, तिन्हीसांजेक गपचूप ओत. राखणदाराक काय, कधीय दिली तरी पावता."

"मी भर दिसा बोललंय," तुळसा म्हणाली.

दुपारी ती बाटली हातात घेऊन वाडीतून चालत निघाली. मागून दाजी आणि निम्मी वाडी. एवढी माणसं बघून चौकीवरून जमादारही आला. तिनं बूच काढलं आणि वास सुटला. तो लपवायचा कसा?

"बाई, बाटलीत काय आहे?" जमादारानं विचारलं.

"कोकम, सायबानु, कोकम," दाजी घाईघाईनं म्हणाला.

जमादारानं रुमाल काढून नाक पुसलं. तो वाईट माणूस नव्हता. दोन दिवस त्यानंही किनाऱ्यावरचं रडणं ऐकलं होतं. "कोकमच आहे ना बाई?" तो म्हणाला आणि समुद्राकडे बघत उभा राहिला. हो म्हण आणि घरी जा, इतकं सोपं होतं. सगळी वाडी तिच्या तोंडाकडे बघत होती.

धोंडा हातभर अंतरावर ऐकत होता, आणि शीड शिवून झालं की सहदेव पुन्हा दर्यावर जाणार होता.

"दारू आसा," ती म्हणाली. "जांभळाची. मीच केलेली." आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तिनं बाटली धोंड्यावर उपडी धरली.

मग जमादाराला दुसरा इलाज राहिला नाही. वेंगुर्ल्याच्या एस.टी.त बसवताना तिच्या एका बाजूला शिपाई होता, हातात रिकामी बाटली धरून. सहदेव खिडकीखाली उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. कोकम म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तुळसानं दोन्ही हात खिडकीतून बाहेर काढून त्याच्या डोक्यावर ठेवले.

"फाल्या सकाळीच होडी घाल, झिला," ती म्हणाली. "आता भियाचा काय एक नाय."