ताईंचा पिवळा बेस

पनवेलच्या आसपासच्या गावांत हळदीच्या मांडवात गेलेला माणूस स्वच्छ कपड्यांत परत येत नाही. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद आधी पाहुण्यांना लागते, मग आचाऱ्याला, मग मांडववाल्याला आणि शेवटी वाजवणाऱ्यांना. सुगंधाताई स्वतः कधी तोंड चुकवायच्या नाहीत. दोन्ही गाल पुढे करायच्या. पण हळदीचा हात गालावरून खाली त्यांच्या बेसकडे वळला, की त्या सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "हलद नवऱ्याला लावा, तारंला नाय! हिचं लगीन माझ्याशी कवाच झालंय." हात जागीच थांबायचा आणि बायका हसून लोळायच्या. एवढं सांभाळूनही वर्षानुवर्षांच्या हळदींनी त्यांचा मूळचा पांढरा बेस पिवळट करून टाकला होता. कुणी रंग विचारला तर त्या म्हणायच्या, "लग्नातला."

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती असते तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही, आणि नसली की गाणं पोकळ का वाटतंय ते कळत नाही. हळदीत वाजवणाऱ्या आमच्या पार्टीत ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन गायक, कीबोर्डवर मी आणि बेसवर ताई. पार्टीचे मालक म्हणजे शेठ. मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात बीकॉम करत होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे ताईंनी माझं नाव बदलून टाकलं होतं. "ए बीकॉम, जरा वायर पकड." पुढे शेठही तसंच म्हणू लागले.

ताई मूळच्या गव्हाणच्या. वडील मिठागरावर कामाला. बेस खरं तर त्यांच्या मोठ्या भावाचा. भाऊ उरणकडे पोर्टात नोकरीला लागला आणि गिटार घरात खुंटीला टांगलेली राहिली. ताईंनी ती पुसायला म्हणून खाली काढली, ती परत टांगलीच नाही. गावात म्हणणारे म्हणाले, बाईमाणसाने गावं, वाजवायचं कशाला? ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "गायला गेले तर तुमीच उठून जाल. वाजवतेय ते बरं हाय." त्यांचे यजमान कळंबोलीला ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. त्यांनी बायकोच्या बेसला ताडपत्रीची खोळ शिवून दिली होती, आतून गोधडीचं अस्तर लावून. पावसात टेम्पो गळायचा, आम्ही सगळे भिजायचो, पण ताईंचा बेस कोरडा उतरायचा.

वाजवून झाल्यावर सगळे जेवणाकडे धावायचे. ताई मात्र खुर्चीवर बसून जुन्या सुती साडीच्या फडक्याने एकेक तार पुसत बसायच्या. वरून पुसून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तार फडक्यात चिमटीने धरायची आणि वरपासून खालपर्यंत ओढत न्यायची, म्हणजे खालच्या बाजूचा घामही निघतो. मी एकदा म्हणालो, "ताई, मटण संपेल." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मटन उद्या दुसऱ्या मांडवात मिलंल. आमच्या मिठागरावर बापाची फावडी वर्षात गलून जायची. इथली हवाच खारी. ही तर तार हाय." मग मीही शेजारी बसून कीबोर्डच्या पट्ट्या पुसू लागलो. त्याआधी तो पुसायचा असतो, हेच मला माहीत नव्हतं.

तारांचा आवाज मंद झाला की ताई त्या उकळायच्या. चारही तारा काढून, गुंडाळी करून पाण्यात खळखळ उकळवायच्या आणि फॅनखाली पार कोरड्या करून परत चढवायच्या. मळ सुटतो आणि आवाज काही दिवस तरी पुन्हा उजळतो. त्यासाठी वेगळा टोप होता, कारण पहिल्यांदा त्यांनी सासूबाईंच्या आमटीच्या टोपात हा उद्योग केला होता. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, ते मी स्वतः ऐकलं आहे. "आमच्याकडं आज तारांचं कालवन हाय. येतंस का जेवाला?"

आवाजाच्या बाबतीत ताई फार हट्टी होत्या. स्पीकरवाला पोरगा बेस वाढवायला गेला की त्याच्या हातावर चापट बसायची. "बेस कानाला नाय, पोटाला लागला पायजे." तारांच्या बुडाशी त्या भांडी घासायच्या स्पंजचा कोरा तुकडा खोचायच्या. त्यामुळे सूर लांबत, रेंगाळत राहायचा नाही. गोल यायचा आणि वेळेवर जायचा. माझी सवय उलटी. दहाही बोटांनी सगळी जागा भरून टाकायची. एकदा गाणं मधेच थांबवून त्या म्हणाल्या, "बीकॉम, तू सगलंच वाजवतोस. मग आमी काय आरती ओवालू?" त्या दिवसापासून माझा डावा हात शांत झाला. परीक्षेच्या दिवसांत तर त्या मला टेम्पोत चढूच द्यायच्या नाहीत. "पेपर झाला की ये. हलदी काय संपत नाय." शेठ कुरकुरायचे, पण ताईंपुढे कुणाचं चालत नसे. माझी पदवी त्यांच्या या दटावणीवरही उभी आहे, असं मी मनापासून मानतो.

पण एक वेळ अशी आली की शेठपुढे ताईंचंही चालेना.

गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. त्यांना पडदे म्हणतात. पडद्यामागे बोट दाबलं की सूर आपोआप नेमका लागतो. खारी हवा, घाम आणि हळद यांनी ताईंच्या बेसचे पडदे झिजले, काही उचकटून वर आले आणि बोटांना कापू लागले. मुंबईच्या कारागिराने नवी मान बसवायला सांगितली. खर्च ऐकून ताईंनी नकारार्थी मान हलवली, घरी आल्या, पडदा एकेक करून सोल्डरिंग आयर्नने तापवला आणि पकडीने उपटून काढला. सगळे काढले. राहिलेल्या फटींत सुताराकडच्या पातळ लाकडी पट्ट्या सरसाने बसवून पॉलिश पेपरने घासून टाकलं. मान तळहातासारखी गुळगुळीत झाली.

आता सूर आपोआप लागणार नव्हता. बोट केसभर इकडेतिकडे पडलं की बेसूर. आणि सुरुवातीला ताईंनी बेसूर वाजवलं, हे खोटं कशाला सांगू? पळस्प्याच्या एका हळदीत तर गायकाने वळून बघितलं. शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, आता कीबोर्डमधे सगले आवाज येतात. बेस पन येतो. बीकॉमचा डावा हात मोकलाच हाय. गव्हानची हलद करा, ती तुमची शेवटची."

ताईंनी तारा पुसून बेस खोळीत घातला. परतताना मी म्हणालो, "ताई, मी तुमचा बेस वाजवणार नाही."

"का? हात दुखतो?"

"तुमची जागा आहे ती."

"जागा कोन राखून ठेवत नाय, पोरा. वाजवायला लागतं." एवढं म्हणून त्यांनी खोळ मांडीवर घेतली आणि तिच्यावरूनच, तारा हाताला लागत नसताना, बोटं सरकवत राहिल्या. पुढचे दिवस त्या घरी काय करत होत्या ते त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं: रेडिओ लावायचा आणि जो गाईल त्याच्या गळ्यामागे बोट न्यायचं. पाव विकणारा ओरडत गेला तरी त्याच्यामागे.

गव्हाणची हळद म्हणजे ताईंच्या माहेरची. सगळे ओळखीचे. तिथेच शेवटचं वाजवायचं, हे त्यांना किती लागलं असेल! त्या दिवशी दुपार कलल्यावर मथुराआजी आल्या. मथुराआजी धवलारीण. आमच्याकडच्या लग्नांत जुन्या विधींची गाणी, धवले, गाणारी बाई म्हणजे धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय लग्न लागत नसे. हल्ली एका कोपऱ्यात तिचं गाणं उरकतात आणि मांडवात स्पीकर दणाणत राहतो. पण नवऱ्या मुलाच्या आजीने हट्ट धरला होता: धवले माइकवर आणि सगळ्यांनी ऐकायचे. शेठना भीती वाटली की नुसत्या म्हातारीच्या आवाजावर पोरं उठून जातील. त्यांनी मला खुणावलं, "मागं काय तरी वाजव."

मी प्रयत्न केला. मथुराआजींचा सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसलेला. बटण दाबून कीबोर्डचा सूर सरकवला, जमला असं वाटलं, तोवर पुढच्या कडव्याला आजी थोड्या वर चढल्या. पुन्हा सरकवला, त्या पुन्हा चढल्या. त्यांनी कुणाच्या पट्टीला बांधून गायलं नव्हतं कधी. तिसऱ्या वेळी त्या थांबल्याच. माइक चालू होता. "ह्या पोराची पेटी माझ्या गल्याशी भांडते रं. एकतर तिला बोलाव, नायतर मना." मांडव खदखदून हसला. मीही हसलो, पण मला घाम फुटला होता. मागच्या खुर्च्यांवरची पोरं उठू लागली. कुणीतरी ओरडलं, "शेठ, नाचाचं लावा!"

तेवढ्यात ताई बेस घेऊन स्टेजवरून उतरल्या आणि आजींच्या शेजारी चटईवर मांडी घालून बसल्या. स्पीकरवाल्याला बोटाने खूण केली: कमी, अजून कमी. आजींना म्हणाल्या, "आये, तुमी गा. माझ्याकडं बघू नका."

आजींनी सुरुवात केली. ताईंनी एकच सूर दिला, खाली, अगदी हलका. आजींचा गळा जिथे होता तिथेच तो लागला, कारण अडवायला मधे पडदाच नव्हता. आजी वर चढल्या तशी ताईंची बोटं त्यांच्यामागे सरकत गेली. आजी दमल्या, सूर जरा उतरला, तर बेसही उतरला. ताईंचे डोळे आजींच्या गळ्यावर होते, मानेवरच्या शिरांवर. शब्द जुने होते, आम्हा अर्ध्या लोकांना कळत नव्हते, पण त्या म्हाताऱ्या आवाजाखाली कुणीतरी जमीन घातल्यासारखं झालं होतं. आजींना ते कळलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. नुसता हात ताईंच्या गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच ठेका धरला.

उठलेली पोरं उभीच राहिली. स्वयंपाकातल्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि एकीने, मग दुसरीने, आजींच्या मागे ओळ उचलली. शेवटी शेवटी सगळ्या बायका गात होत्या. धवला संपला तेव्हा नवऱ्या मुलाच्या आजीने डोळे पुसले आणि म्हटलं, "दुसरा घे गो मथुरे. आता खरं लगीन हाय असं वाटतंय." मघाशी नाचाचं मागणारा पोरगाच म्हणाला, "आजी, घ्या ना." त्या संध्याकाळी नाच झालाच, जोरात झाला, पण आधी आणखी दोन धवले झाले.

सामान भरताना शेठ ताईंजवळ आले. बराच वेळ टेम्पोचं फाळकं हलवून बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, पुढल्या हलदीला येताव ना?"

"तुमीच बोललाव, शेवटची."

"मी काय पन बोलतो. बीकॉम, सांग ना हिला."

मी म्हणालो, "शेठ, माझा डावा हात दुखतोय." ताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

त्यानंतर लोक पार्टी ठरवताना शेठना विचारू लागले, "ती बाई येनार हाय ना, धवल्यामागं वाजवनारी?" बाजूच्या दोन पार्ट्यांनी बेस ठेवले. एकीत तर बेसवर उलव्याची एक मुलगी आहे, ताईंकडेच शिकलेली. मी पदवीनंतर कळंबोलीला एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला लागलो आणि पार्टी सुटली. पण आजही ऑफिसातलं कुठलंही यंत्र मी बंद करायच्या आधी पुसतो, आणि बैठकीत बोलताना शेजारच्यालाही जागा सोडतो. लोक त्याला माझा स्वभाव समजतात.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न ठरलं. शेठना फोन केला, तर ते म्हणाले, "माझ्या हातात काय नाय. ताईंना विचार, त्या येतील तर पार्टी येईल." ताईंना फोन केला. ना तारीख विचारली, ना गाव. पहिला प्रश्न, "धवलारीन कोन हाय?" मी नाव सांगितलं. त्या बाईंना ताई ओळखत नव्हत्या. "मग आधी तिच्याकडं घेऊन चल. गला ऐकल्याबिगर नाय जमायचं."

एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. ओटीवर म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. ताईंनी खोळ उघडून पिवळा बेस बाहेर काढला, स्पीकर नाही, काही नाही, आणि तिला जरा गुणगुणायला सांगितलं. म्हातारीने त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं, मग बेसकडे, मग पुन्हा ताईंकडे.

"तू कोनाची गो?" तिने विचारलं. आमच्याकडे बाईला पहिला प्रश्न हाच असतो. बापाचं नाव सांगायचं, नाहीतर नवऱ्याचं.

ताईंनी तार जुळवली आणि म्हणाल्या, "मी बेसवाली. गा तुमी, आये."