दसऱ्याचा दोरा आणि कोळशाची टाकी

चिखलदरा झालं, मेळघाट झालं. या फेब्रुवारीत मी अमरावतीहून अकोल्याला गेले ती एका टाकीच्या दर्शनाला. हसू नका. टाकी निळी आहे, दोन माणसं उंच आहे आणि तिच्यात कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा कोळसा भरलेला आहे. निदान तिच्यावरच्या पाटीवर तसं लिहिलंय.

बोलावणं सुनंदाचं. बारावीला मी तिला रसायनशास्त्र शिकवलं होतं. आता ती जठारपेठेत राहते आणि शहराबाहेर रोपवाटिका चालवते. तिचा फोन आला, "मॅडम, माह्या विहिरीचं पानी गुलाबी होऊन राहिलं. मिरचीची रोपं जळाली. बाजूचा सूत रंगवायचा कारखाना म्हनते, आमच्याकडे कार्बन फिल्टर हाये, येऊन पाहा. आता मले त्यातलं काय समजन? तुमी या नं."

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. घरात बसून दुसऱ्यांच्या सहलींचे फोटो पाहण्यापेक्षा हे बरं, म्हणून निघाले.

सकाळची सातची एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, खिडकी मिळते आणि बडनेऱ्यानंतर रस्ता असा सपाट की चहा हातात धरून पिता येतो. मूर्तिजापूरला गाडी थोडी थांबते. जुन्या शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ बघायची हौस असेल तर उतरा, पण तिथे सध्या गवतच जास्त दिसेल. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "अकोल्याले कोनाकडं?" म्हटलं, टाकी बघायला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदराखालची शेंगदाण्याची पुडी पुढे केली. दोन-अडीच तासांत अकोला.

"जय भीम, मॅडम," म्हणत सुनंदा स्टँडवर उभी होती. तिच्या स्कूटरवर बसून थेट रोपवाटिकेत गेलो. विहिरीतून बादली काढली आणि माझा तोल सुटायला तिथेच सुरुवात झाली. पाणी सरबतासारखं गुलाबी! वाफ्यात मिरची माना टाकून पडलेली. तिच्या वर्षभराच्या गिऱ्हाइकांची रोपं होती ती, आणि विहीर ही एकच.

मी घरून नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा आणला होता. कारखान्यात सगळे त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनच म्हणतात. तो खास तापवून त्याला असंख्य बारीक छिद्रं पाडलेली असतात आणि पाण्यातला रंग, वास त्यांत अडकून बसतो. छिद्रं भरली की कोळसा बदलायचा, एवढंच. बाटलीचं बूड कापून ती उलटी धरली, कापूस, त्यावर कोळसा, आणि वरून विहिरीचं पाणी हळूहळू सोडलं. खालच्या पेल्यात पाणी उतरलं ते बिनरंगी. पिऊ नका, ते पिण्यालायक नसतं. पण रंग गेला होता. सुनंदा पेल्याकडे बघत म्हणाली, "इतकं सोपं हाये? मंग हे लोक काहून करत नाही?"

ज्वारीची भाकरी आणि बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा खाऊन दुपारी कारखान्यात गेलो. (रस्सा स्टँडजवळच्या खानावळीत खा, पण नाक पुसायला रुमाल ठेवा.)

मॅनेजर अगदी गोड. "आपल्याकडे लेटेस्ट सिस्टीम आहे, मॅडम." टाकी खरंच देखणी होती, नुकताच रंग दिलेला. तिच्याकडे जाणाऱ्या पाइपाच्या दांडीला झेंडूचा वाळलेला हार आणि पूजेचा दोरा बांधलेला होता, दांडीवरून पाइपाभोवती तीन वेढे. मी आधी कौतुकच केलं. मग माझं डोकं चाललं. गॅसचा कॉक जसा, तशीच ही दांडी. पाइपाच्या रेषेत असली तर चालू, आडवी असली तर बंद. ही आडवी होती. आणि टाकीला वळसा घालून पाणी थेट बाहेर नेणारा दुसरा पाइप, बायपास, त्याची दांडी सरळ होती आणि हात लागून लागून चकचकीत झालेली.

"हा दोरा कधीचा?"

मॅनेजर घड्याळ पाहू लागले. मशीन चालवणारे गजाननभाऊ बोलून गेले, "दसऱ्याचा हाये, बाई. त्या दिवशी सगळं बंद करून पूजा केली. मंग सायेब म्हने, पूजेचा दोरा काहून तोडता, बायपासनं जाऊ द्या."

दसरा ते माघ! इतके महिने रंगाचं पाणी जसंच्या तसं नाल्यात, नाल्यातून जमिनीत, जमिनीतून या पोरीच्या विहिरीत. आणि आम्हाला दाखवायला रंगवलेली टाकी! मी ओरडले. वर्गातही कधी ओरडले नव्हते इतकी. देव काय म्हणाला होता, दुसऱ्याची मिरची जाळा?

"पण मॅडम, पूजेचा दोरा तोडायचा कोणी?" मॅनेजर म्हणाले.

"मी तोडतो," सुनंदा म्हणाली, आणि एका झटक्यात तोडला. दांडी फिरवली. टाकीतून पाणी आलं तेही गुलाबी. म्हणजे दसऱ्याच्या आधीच छिद्रं भरून कोळसा निकामी झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्रदूषण मंडळाच्या कचेरीत लेखी तक्रार दिली, दोघींच्या सह्या, पोच घेतली. तक्रार द्यायला गेलात तर पोच घेतल्याशिवाय हलू नका. मग मी परतले.

पुढच्या आठवड्यात नवा कोळसा आला. सुनंदा स्वतः उभी राहिली, पोती फोडताना पाहिली. मग बायपासची दांडी आडवी करून रोपांच्या जुड्या बांधायची सुतळी तिने त्या दांडीला आवळली, तिची नेहमीची दुहेरी गाठ, टोक आतून काढलेलं. मॅनेजरला म्हणाली, "तुमचा दोरा तुटलेलाच पायजे, अन् माहा राहिला पायजे." दर सोमवारी जाऊन ती गाठीचा फोटो काढते आणि मला पाठवते. विहीर थोडी फिकी झाली होती. वाफ्यात नवी मिरची लावली होती.

लोक विचारतात, सहलीतून काय आणलं? राग आणला, दुसरं काय. रोपं सांभाळायची सोडून दर सोमवारी पहारा सुनंदाने का द्यायचा?

काल सोमवार होता. फोटो आला. सुतळी जागेवर, दांडी आडवी. मी "छान" लिहिणार, तेवढ्यात तिचा फोन आला.

"मॅडम, सुतळी माहीच हाये. पन गाठ माही नाई."

सातची एसटी आहे. बाटली, कापूस आणि कोळसा पिशवीत भरून ठेवलाय.