पांढऱ्या दगडावरचे लाल ठिपके

गेल्या सोमवारी येरमाळ्यात, हायवेवरच्या आमच्या ग्रॅनाइटच्या दुकानासमोर टेम्पो थांबला आणि ढोकीच्या एका काकांनी गोधडीत गुंडाळलेला दगड उतरवला. सायीसारखा पांढरा सँडस्टोन! त्यांच्या ट्रक चालवणाऱ्या मुलानं थेट राजस्थानातून आणलेला, नव्या घराच्या देवघरासाठी... एकच लादी, दुसरी मिळणार नाही.

आता गंमत अशी, की आमच्याकडे पांढरा दगड कापतच नाहीत. मागे कापला तेव्हा लालसर डाग पडले, गिऱ्हाईक भांडून गेलं, आणि अप्पांनी म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ते काम कायमचं बंद केलं. पण त्या दिवशी अप्पा दुकानात नव्हते... आणि मी "ठेवा काका, शुक्रवारी घेऊन जा" म्हणून मोकळी झाले!

संध्याकाळी अप्पांना कळलं. मी हट्टानं मशीन शिकले हे त्यांना आधीच फारसं पटलेलं नव्हतं. "घेतलाईस न्हवं, मग काप. पर डाग पडला तर पुन्ना मशीनला हात लावायचा न्हाय," एवढं बोलून ते जेवायला बसले.

असला दगड म्हणजे स्पंज... कापताना मशीनमधलं पाणी पितो, आणि आमच्या टाकीत सगळा काळ्या ग्रॅनाइटचा गाळ. मी टाकी घासली, पाणी बदललं, नवं ब्लेड लावलं. लादी रात्रभर हौदात स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवली. पोट भरलेलं असलं की घाण पाणी आत शिरत नाही, हे माझं गणित.

मंगळवारी बाकी लादी प्लास्टिकनं झाकून कडेची वाया जाणारी पट्टी आधी कापली. काळा डाग एकही नाही! आणि तरीही पट्टीवर लाल ठिपके होतेच...

अशी चिडले म्हणून सांगू! गंज असेल म्हणून सगळे नटबोल्ट पुसले. शेवटी ब्लेडवरच्या झाकणावरून ओलं फडकं फिरवलं आणि फडकं लालभडक... कुंकू! अप्पा रोज सकाळी मशीनची पूजा करतात, झाकणाला हळदकुंकू लावतात. वर्षानुवर्षांचा तो थर पाण्याचे तुषार उडाले की भिजून खाली ठिबकत होता. काळ्या ग्रॅनाइटवर तो कुणाला दिसणार?

कारण सापडल्याचा आनंद क्षणभरच टिकला. कुंकू पुसायचं म्हणजे आपल्याकडे काय अर्थ होतो, ते सांगायला नको. आणि ज्या मशीनवर घर चालतं तिचं, तेही सुनेनं! हात तिथंच थांबला.

गुपचूप पुसून टाकावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू... पण पट्टी आणि फडकं घेऊन अप्पांसमोर उभी राहिले. "अप्पा, डाग आपल्या पूजेच्या कुंकवाचे आहेत," एवढंच कसंबसं बोलले. त्यांनी पट्टी उजेडात धरली, ठिपक्यावर बोट फिरवलं आणि घरी निघून गेले. वाटलं, झालं, आता काउंटरवर बसून बिलं फाडायची.

बुधवारी सकाळी दुकानात पोचले तर अप्पा मशीनपाशी, हातात तांब्या. झाकण त्यांनी स्वतः धुऊन लख्ख केलं होतं! आम्ही लिंगायत, विभूती घरात असतेच. कपाळाला लावतात तशी तीन बोटांनी त्यांनी झाकणावर विभूती ओढली.

"पांढऱ्याला पांढरं. पूजा बी झाली, दगड बी ऱ्हाईल. कर सुरू."

डोळे पुसले आणि स्विच दाबला. चारही बाजू कापल्या, कडा गोल केल्या, लादी सावलीत वाळू दिली... एक डाग नाही! शप्पथ सांगते, दहावीच्या निकालालाही एवढी नाचले नव्हते. शुक्रवारी काका नुसते लादीवरून तळवा फिरवत राहिले. "आता देव बसवायची घाई झालीय बगा," म्हणाले.

आणि काल... कळंबचं एक गिऱ्हाईक विचारत होतं, पांढरा दगड कुठं कापून मिळेल? मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "हितंच की. आमच्या सुनबाई कापत्यात."

सुनेचं ऐकून इतक्या वर्षांची रीत स्वतःच्या हातानं बदलणारा सासरा मिळाला... आमच्या येडाई देवीकडं आणखी काय मागू!