भावोजींचा रशिया

६ जानेवारी २०२४, शनिवार. सकाळपासून भुरभुर बर्फ. ड्राइव्हवे निम्माच शोव्हल केला. सायंकाळी सहाला डॅनिलोच्या आजींकडे जेवण. जुन्या पंचांगाप्रमाणे आज त्यांचा ख्रिसमसचा उपास. गौरांगीचा दोनदा फोन. भावोजी बरोबर येणार. देवाची इच्छा.

एवढं लिहून उमाताईंनी पेनाला टोपण लावलं. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, दीनानाथ. कॅनडातल्या विंडसरच्या मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेले इंजिनिअर. पण कारखान्याबद्दल त्यांच्या तोंडून कुणी अवाक्षर ऐकलं नव्हतं. त्यांचं आयुष्य जणू त्याआधीच्या पाच वर्षांतच उरकलं होतं. तरुणपणी ते शिष्यवृत्तीवर ‘रशियात’ शिकले, आणि तेव्हापासून महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याही पंक्तीत मसालेभातावर तूप पडायच्या आत त्यांचं बोर्श सुरू व्हायचं. त्या सारातलं बीट किसायचं नसतं, चिरायचं असतं. खिमा भरलेल्या पेल्मेनीची पारी कागदासारखी हवी. ब्लिनी नावाचं पहिलं धिरडं तव्यावर बिघडलंच पाहिजे. मंडळातल्या बायका त्यांना पाठीमागे कॉम्रेड म्हणत आणि समोर माना डोलवत. पडताळून बघणार कोण?

खरं काय ते उमाताईंना ठाऊक होतं. देवाघरी गेलेली धाकटी जाऊ शुभदा एकदा भांडी पुसताना बोलून गेली होती, की ह्यांनी पाच वर्षं हॉस्टेलच्या खोलीत शेगडीवर खिचडी शिजवली, कँटीनचं दारसुद्धा बघितलं नाही. जन्माचे शाकाहारी. खोलीतला सोबती जेवून यायचा, काय खाल्लं ते सांगायचा, आणि भावोजी खिचडी खाता खाता ऐकायचे. सगळं ज्ञान ते एवढंच.

आजचं जेवण साधं नव्हतं. आई-वडील गेल्यावर डॅनिलोला त्याच्या आजीने, स्टेफानियाबाईंनी वाढवलं होतं. त्यांनी तोंडाने हो म्हटल्याशिवाय तो गौरांगीशी जूनमधलं लग्न पक्कं करणार नव्हता, आणि आज त्या मुलीकडची मोठी माणसं पारखून घेणार होत्या. उमाताईंची नात गौरांगी आठवडाभर धड झोपली नव्हती. फोनवर तिने एकच विनवलं होतं, “आजी, प्लीज, धाकट्या आजोबांना रशिया म्हणू देऊ नकोस. दे आर युक्रेनियन.” गाडीत उमाताईंनी तो निरोप पोचवला. भावोजी हसले आणि म्हणाले, की वहिनी, मला तुम्ही शिकवणार?

स्टेफानियाबाईंच्या टेबलावर पांढरं कापड होतं, मधोमध वेणीसारखा विणलेला पाव आणि त्यात मेणबत्ती. कुणी कुठे बसायचं हे ठरायच्या आतच भावोजींना टेबलाच्या टोकाची खुर्ची दिसली. पुढ्यात ताट, पेला, वेगळी लहानशी मेणबत्ती. वयाचा मान समजून ते थेट जाऊन बसले आणि नॅपकिन गळ्याशी खोचला.

डॅनिलोच्या हातातली थाळी अधांतरीच राहिली. ते पान त्याच्या आजोबांचं, पेट्रोचं होतं. वर्षातल्या या एका संध्याकाळी गेलेल्या माणसासाठी ताट मांडायचं, अशी त्यांच्यात रीत. उमाताईंना कुणी सांगावं लागलं नाही. खुर्चीमागच्या भिंतीवर फोटो होता. पितृपक्षात पितरांना वाढलेल्या पानावर पाहुण्याने मांडी ठोकावी, तसं झालं होतं. गौरांगीच्या तोंडाचा रंग टेबलावरच्या कापडासारखा झाला.

डॅनिलो काही बोलणार, तोच स्टेफानियाबाईंनी त्याला ‘बसू दे त्यांना’ अशी खूण केली. मग स्वच्छ इंग्रजीत भावोजींना सांगितलं, की पेट्रोच्या ताटात टाकलेलं चालत नाही. पदार्थ बारा आहेत, बाराही संपवायचे.

भावोजी खूश. खसखस आणि मध घातलेली गव्हाची कुट्या त्यांनी ओळखली, कुणीतरी नाव सांगितल्यावर. बोर्श आलं तेव्हा वरची आंबट साय कुठे आहे म्हणून विचारलं. आज उपास, दूधदुभतं वर्ज्य, असं उत्तर मिळालं. एकादशीला कांदा मागणाऱ्याकडे बघावं तसं सगळे बघत होते. पण भावोजी डगमगणारे नव्हते. आमच्या रशियात घालायचे, म्हणाले.

“रशियात कुठे?”

“खारकोव्ह.”

स्टेफानियाबाईंनी पळी भांड्यात परत ठेवली. “खार्किव. माझ्या आईचं गाव आहे ते. ते रशियात नाही.”

आणि त्यांनी तिसरा पदार्थ वाढला: हेरिंग, कांद्यात मुरवलेला खारा मासा, शेपटीसकट.

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. ‘ते शाकाहारी आहेत’ एवढ्या एका वाक्यात सुटका होती, आणि मोठी म्हणून ते वाक्य उमाताईंनीच बोलायचं होतं. त्यांनी बोर्शची आणखी एक पळी मागून घेतली.

“तुम्ही हे कधी खाल्लंय?” स्टेफानियाबाईंनी विचारलं.

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच भावोजींनी बोलण्याआधी विचार केला. “नाही,” ते म्हणाले. “मी तिथे खिचडी खात होतो. पाचही वर्षं.”

कुणी हसलं नाही. स्टेफानियाबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याखाली बसलेल्या माणसाकडे.

“आमचा पेट्रो कार्पेथियन डोंगर बर्फातून पायी ओलांडला म्हणून सगळ्या विंडसरला सांगत फिरायचा,” त्या म्हणाल्या. “आला होता आईच्या कडेवर. मरेपर्यंत कबूल केलं नाही. हे निदान तिसऱ्या पदार्थाला कबूल झाले.” मग गौरांगीकडे वळल्या. “जून चालेल मला. फक्त लग्नात ह्यांच्या हातात माइक देऊ नका.”

मासा उचलला गेला. उरलेल्या नऊ पदार्थांना मात्र माफी नव्हती. कोबीच्या पानातला भात, बटाट्याचं सारण भरलेले वारेनिकी, मश्रूम, वाटाणे, तळलेले गोड पाम्पुश्की. स्टेफानियाबाई शेजारी उभ्या राहून वाढत होत्या आणि भावोजी खाली मान घालून खात होते. गौरांगीला मात्र हसू आवरत नव्हतं.

परतताना भावोजींनी गाडीत बसताच कमरेचा पट्टा सैल केला. घराच्या वळणावर म्हणाले, की बाईंनीच घाई केली, नाहीतर तो मासा आपण खाल्लाच असता. खार्किवची माणसं हेरिंगला नाही म्हणत नाहीत. उमाताईंनी रेडिओ लावला.

घरी आल्यावर त्यांनी वही पुन्हा उघडली. जून ठरला. भावोजींना पोटासाठी ओवा आणि गरम पाणी दिलं. ओवा संपला.