माझं छापील बंगाली

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी डॉक्टर झाली एवढंच तिला ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर ती सुखी आहे. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित.

आधी शम्पादीबद्दल सांगते. नवऱ्याची बदली गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात झाली, आम्ही कोलकात्याला आलो, आणि तिथल्या बेहाला भागातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मला नोकरी लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील मेहकरला एसटीच्या गाड्या धुवायचे. दवाखान्यात पुढच्या टेबलावर शम्पादी बसायची. फोन, नावनोंदणी, बिलं सगळं तिच्याकडे. आईच्या वयाची, आठवीपर्यंत शिकलेली. कॉम्प्युटर ती चाळिशीनंतर शिकली होती, आणि त्याचा तिला केवढा अभिमान! कुठल्या ऑटोत बसायचं, कुठे उतरायचं, हे तिनेच मला शिकवलं. डब्यातला अर्धा भात मला काढून द्यायची. मला 'मा' म्हणायची, इथे लेकीला म्हणतात तसं. मी मासे खात नाही यावरून रोज टोमणा — "अंगाला माशाचा वास नाही, बेहालाची मांजरं तुझ्यावर विश्वास कसा ठेवणार गं मा?" तिची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही सारख्याच मोडक्या. पण आमचं कधी अडलं नाही.

माझं अडलं ते दुसरीकडेच.

मुलाखतीत सरांनी, म्हणजे दवाखान्याच्या मालकांनी, विचारलं होतं, बंगाली लिहिता येतं का? मी हो म्हणाले. थोडंफार बोलता येत होतं — वाचता-लिहिता एक अक्षर नाही. सरांचा नियम होता, जनावर घरी जाताना औषधपाण्याच्या सूचना बंगालीत छापून द्यायच्या. बेहालातल्या आजी-आजोबांच्या हातात इंग्रजी कागद देऊन काय उपयोग? नियम बरोबरच होता. दुसराही बरोबर होता — दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं काहीही टाकायचं नाही. एक्स-रे वाचायला मदत करणारा एआय सरांनी स्वतः पारखून घेतला होता. त्यापलीकडे काही नाही.

मी टाकलं. बंगाली लिहून देणारा, फुकटात मिळणारा एक एआय — ब्राउझरला जोडायचा. त्याने विचारलं, इथे जे जे उघडेल ते सगळं वाचायची परवानगी आहे का? मी ते वाचलं. आणि परवानगी दिली.

तो कॉम्प्युटर पुढच्या टेबलावरचा. सकाळी शम्पादीच्या नावाने उघडायचा, आणि दिवसभर जो येईल तो त्यावरच काम करायचा. एका हातात कुत्रं धरून कोण पासवर्ड टाकत बसणार?

मग माझं कौतुक सुरू झालं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, आमच्या मुलांपेक्षा शुद्ध लिहितेस. शम्पादी तर येईल त्याला माझा कागद दाखवायची — मराठी मुलगी आणि बंगाली बघा! मला स्वतःला वाचता न येणाऱ्या भाषेत मी औषधांचे डोस लिहून देत होते. कुणाचं काही वाईट झालं नाही — निदान माझ्या कानावर तरी आलं नाही.

एका सकाळी सगळ्या नोंदींना कुलूप लागलं होतं. कुणाला कुठली लस दिली, कुणाला कुठलं औषध चालत नाही, काहीच उघडेना. पडद्यावर फक्त खंडणीची धमकी. सरांनी कॉम्प्युटरचा माणूस बोलावला. त्याने नोंदींची जुनी प्रत चढवली, तरी मधल्या कित्येक महिन्यांचं गेलं ते गेलंच. मग तो म्हणाला, बंगाली लिहून देणारं काहीतरी याच कॉम्प्युटरवरून आत आलंय. शम्पादीच्या नावाने.

मला कुणी विचारलंच नाही. जिचं बंगाली एवढं शुद्ध, तिला असल्या मदतनीसाची काय गरज?

सर शम्पादीकडे वळले. ती म्हणाली, "मीच काहीतरी दाबलं असेल, सर. मला कुठे कळतं यातलं?"

तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. एटीएममधून पैसे आले नाहीत की माझे वडील बाजूच्या वॉचमनची माफी मागायचे — मशीन आपल्यामुळेच बिघडलं, अशा खात्रीने. तो आवाज ऐकत मी मोठी झाले. तिचं काही चुकलेलं नाही हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी काय केलं? टेबलावरच्या मांजराचं पोट तपासत राहिले.

सर वाईट नाहीत. त्यांनी तिला काढलं नाही — मागच्या बाजूला पाठवलं, पिंजरे धुवायला, जनावरं धरायला. ती उलट मलाच म्हणाली, बरं झालं, माझ्यामुळे तुझं काही अडायला नको. आणि बंगाली? ते मी नंतर शिकले — तिच्याकडूनच. अक्षर सुधारायचंय, असं आणखी एक खोटं बोलून. जेवणाच्या सुट्टीत माझं बोट धरून तिने मला एकेक अक्षर गिरवायला लावलं. आज माझ्या सूचना मी स्वतः लिहिते. या शहरात मी जी काही आहे, ती बरीचशी तिच्यामुळे आहे.

नोंदींना कुलूप लागलं त्या दिवसापासून ती कुठल्याही मशीनला हात लावत नाही. सिलिगुडीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला की वाजत असलेला फोन घेऊन माझ्याकडे धावत येते. "तू दाब गं मा, माझ्या हाताने बिघडेल." मी हिरवं बटण दाबते. पडद्यावर नात हसते. शम्पादी तिला सांगते, "ही मावशी नसती ना, तर तुझं तोंडसुद्धा दिसलं नसतं मला." आणि फिनाईलच्या वासाचा ओला हात माझ्या डोक्यावर ठेवते.

मी तो तसाच राहू देते.