दोन लेकरांची आई

आमच्या ह्यांना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. भोंगेकाका म्हणतात, आणि हे खुशाल ओ देतात. लग्न होऊन आले तेव्हा ते ऐकून मला रडूच आलं होतं. म्हटलं, जगात एवढे नवरे, आणि माझ्याच वाट्याला भोंगा यावा! पुढे सवय झाली. आता कोणी त्यांचं खरं नाव विचारलं तर मलाच जरा आठवावं लागतं.

माहिती खात्याच्या गाडीवर होते हे. टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून, एक मागे. ड्रायव्हरच्या शेजारी हे बसायचे, एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात ऑफिसातून आलेला टाइप केलेला कागद. "जनतेस कळविण्यात येते की..." अशी सुरुवात व्हायची. आवाज इतका खणखणीत की झोपलेली तान्ही पोरं दचकून उठायची आणि त्यांच्या आया ह्यांना शिव्या घालायच्या. कागद लिहिणारा साहेब मात्र कुठल्या मजल्यावर बसायचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्या वाटच्या शिव्याही ह्यांनाच मिळायच्या.

कागदात काय असणार? धान्य मुबलक आहे. पाणी मुबलक आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. आणि इकडे नळाला थेंब नाही! बायका रिकाम्या बादल्या वाजवत गाडीला आडव्या यायच्या. "काय हो भोंगेकाका, त्या तुमच्या कागदातलं पाणी द्या की एक बादलीभर!" हे खिडकीतून हसायचे. म्हणायचे, "कागद त्यांचा, घसा माझा. घशाला काय ते बोला, कागदाचं मला विचारू नका."

खरं सांगू का, त्या भोंग्याचा लोकांना उपयोगही व्हायचा. साखर मुबलक आहे असं ह्यांनी म्हटलं रे म्हटलं की दुकानासमोर रांग. घरात तर त्याआधीच कळायचं. जेवायला आले की पहिल्या घासालाच सांगायचे, "आज साखर आणून ठेव. दुपारी मुबलक आहे म्हणून सांगणार आहे." मी पिशवी घेऊन सुटायचे! संध्याकाळी घरी येऊन मिठाच्या पाण्याने गुळण्या करायचे आणि म्हणायचे, दिवसभर काय काय बोललो देवा, जिभेला हाड नाही हेच खरं.

म्हणजे ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही हं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने दुकानात बसून साहेबलोकांची नक्कल केली, तर त्याला उचलून नेलं. परत आला तेव्हा सुईत दोरा ओवता येईना, हात थरथरायचे. त्या दिवसानंतर आम्ही सगळेच आवाज खाली आणून बोलायला लागलो. पण बोलायचो. दार लावून, चहा पीत, एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसून बोलायचो. तेव्हा भीती खात्याची होती. शेजारणीची भीती बाळगायची असते हे मला म्हातारपणी कळलं.

निवृत्त झाल्यावर ह्यांना साखरेचा आजार जडला. डाव्या पायाला जखम झाली ती काही केल्या भरेना. नशिबाने वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून सिस्टर राहायच्या, सरकारी दवाखान्यातल्या. एकटी बाई, बोलायला फटकळ, पण हात असा हलका की जखमेला हात लागला कधी आणि पट्टी बांधून झाली कधी, कळायचंच नाही. रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी खाली यायच्या, ह्यांचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि दम द्यायच्या, "काका, चोरून गोड खाल्लंत तर पाय मी कापेन, डॉक्टरला बोलावणार नाही." हे लहान पोरासारखे घाबरायचे. स्वतःच्या बहिणीचं ऐकलं नसेल एवढं त्यांचं ऐकायचे.

आणि फोन दिला तो आमच्या बेबीने. बेबी म्हणजे आमची एकुलती एक लेक. तिशी उलटली, लग्न अजून नाही, त्यामुळे आमच्यासाठी बेबीच. शहरात राहते, तिथे एका कंपनीत लिहिण्याचं काम करते, जाहिरातींचं, असं तिने आम्हाला सांगितलेलं. वडिलांचा वेळ जात नाही म्हणून तिने फोन आणून दिला, आणि मग काय विचारता! उठल्यापासून निजेपर्यंत नाक त्याच्यात. गल्लीचा ग्रुप, निवृत्तांचा ग्रुप, मधुमेहवाल्यांचा ग्रुप. मी म्हणायचे, "अहो, जन्मभर लोकांना ऐकवलंत, आता फेडताय वाटतं!" त्यावर ते एकदा म्हणाले ते माझ्या चांगलं लक्षात आहे. म्हणाले, "मला कोणी फसवू शकत नाही. सरकारी कागद मी नुसत्या वासाने ओळखतो. जनतेस कळविण्यात येते, उपरोक्त, सदरहू, असलं काही आलं की समजायचं पुडी आहे. हे बघ, इथे कसं माणसं माणसांशी बोलतात."

त्यात खोटं काही नव्हतं. ओळखायचेच ते. सगळा घात तिथेच झाला.

गेल्या वर्षी पाण्याची नवी टाकी झाली. केवढा गाजावाजा! उद्घाटनाचे फोटो भिंतीभिंतीवर. आणि थोड्याच दिवसांत घरोघरी पोरांची पोटं बिघडायला लागली. सिस्टर दवाखान्यात रोज बघत होत्या. नळावर पाणी भरताना त्यांनी बायकांना सांगितलं, "टाकीचं राजकारण मला कळत नाही, पण पाणी उकळून प्या बायांनो." बस, एवढंच. सगळ्यांनी ऐकलं. आम्हीही उकळायला लागलो.

एका सकाळी हे मला फोनमधून मोठ्याने वाचून दाखवायला लागले. मी भाजी निवडत होते. खाली लिहिणारीची सही होती, "दोन लेकरांची आई".

"मी कुठल्या पक्षाची नाही, चूल सांभाळणारी साधी बाई आहे. माझी लेकरं नळाचंच पाणी पितात आणि ठणठणीत आहेत. आमच्या इथल्या दवाखान्यातल्या बाई म्हणतात उकळा, उकळा. पण त्यांच्या घरी बाटलीबंद पाण्याचे खोके कोण पाठवतं ते विचारलं की तोंड फिरवतात. माझी आई म्हणायची, माणूस आजाराने मरत नाही, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने मरतो. तुमच्याकडे कोण सल्ले देतंय, जरा बघा."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. शेजाऱ्यांच्या सल्ल्याचं ते वाक्य माझ्या आईचं. ती गेली आणि मी चालवते. माझ्याशिवाय आणि बेबीशिवाय ते कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

"बघितलंस?" हे म्हणाले. "ही बाई सरकारची नाही. आपल्यासारखीच आहे. खोटं कशाला बोलेल?" आणि वर जिन्याकडे बघितलं.

मजकुरात सिस्टरचं नाव नव्हतं, गावाचंही नाव नव्हतं. गरजच काय? दवाखान्यातली बाई कुठल्या वस्तीत नसते! ज्याने त्याने आपापली बसवली. संध्याकाळपर्यंत कोणीतरी ग्रुपवर लिहिलं की आपल्या सिस्टरकडे खोका नेताना मी पाहिलं. दुसऱ्याने लिहिलं, मीही पाहिलं. अहो, तो खोका मी स्वतः नेला होता वर! जुने कपडे होते त्यात, त्यांनी दवाखान्यात वाटायला मागितले होते. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू भोळी आहेस."

मला भोळी म्हणाले! साखर आणायला जिला आधी पाठवायचे, तिला!

मग दिवस असे जायला लागले की जीव सारखा टांगणीला. नळावर सिस्टर आल्या की बायकांची तोंडं बंद. त्यांच्या दारात कोणीतरी रिकाम्या बाटल्यांचा ढीग ओतला. त्यांनी तो पोत्यात भरला. गल्लीत उकळणं बंद झालं, म्हणजे उकळायचे सगळे, पण खिडकी लावून. आणि ह्यांनी एका सकाळी पाय मागे घेतला. "उद्यापासून नको," म्हणाले. सिस्टरनी हातातली पट्टी माझ्याकडे दिली. मग मला म्हणाल्या, "काकू, पट्टी रोज बदला. जखमेची कड काळी दिसली तर मला बोलवा, आवडलं नाही तरी बोलवा." मी पट्टी बदलायचे, पण माझा हात जड. हे ओठ दाबून धरायचे आणि सिस्टरचं नाव काढू द्यायचे नाहीत.

बेबीचं मी ह्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. वाटलं, आपलाच भास असेल, चार बाया सारखं बोलतात. पण झोप उडाली होती. आणि मग ह्यांनी जाहीर केलं की महिनाअखेर सिस्टरने खोली रिकामी करायची, रविवारी आपण स्वतः सांगणार. दवाखान्यातून त्यांच्या बदलीची कुजबुज आधीच होती. इथून निघाल्या असत्या तर त्यांना या गावात कोणी दारात उभं केलं नसतं. मी परसात जाऊन बेबीला फोन लावला. म्हटलं, "रविवारी सकाळी ये. काम आहे. दोन लेकरांना घेऊन ये."

कुठली लेकरं असं न विचारताच ती म्हणाली, "येते."

आली तेव्हा चेहरा उतरलेला. वडील पेपर वाचत बसले होते. ही पाण्याचा पेलाही न घेता त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, सिस्टरना काही बोलू नका. ती दोन लेकरांची आई म्हणजे मी आहे."

हे हसलेच. "तुझं अजून लग्न नाही!"

"तेच सांगतेय. ती बाई नाहीच आहे. सकाळी ऑफिसात विषय येतो, वरून. आम्ही वाटून घेतो. मला बायकांच्या नावाने लिहायला देतात. कधी मी भाजीवाली असते, कधी रिटायर्ड मास्तरीणबाई. टाकीविरुद्ध कोणी बोलायला नको, असं त्या दिवशी आलं होतं. घरातल्यासारखं लिही म्हणाले. घरातल्यासारखं म्हटलं की मला आईच ऐकू येते." तिचा आवाज फुटला. "मला सिस्टर आठवल्याच नाहीत हो बाबा. देवाशप्पथ. मी कोणा एकीबद्दल लिहिलंच नव्हतं."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. पण मी ह्यांच्याकडे बघत होते. म्हटलं, आता हे कपाळावर हात मारतील. जन्मभर ज्यांनी कागद वाचले, त्यांना आणखी काय समजावून सांगायचं? आता उठतील, जिना चढतील, सिस्टरची माफी मागतील.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अगदी हळू आवाजात विचारलं, "बेबी, तुला हे कोणी बोलायला लावलं?"

"म्हणजे?"

"घाबरू नकोस. मी बाप आहे तुझा. बाटलीवाले भेटले का तुला? धमकी दिली? का पैसे दिले?"

"बाबा, मी लिहिलंय ते! हे बघा," तिने फोन पुढे केला, "हा माझा कच्चा मजकूर, ही तारीख. साहेबांनी इथे दोन शब्द बदललेत."

ह्यांनी बघितलंसुद्धा नाही. "आजकाल काहीही बनवता येतं," म्हणाले. "मी त्या बाईचं सगळं वाचलंय. किती दिवस वाचतोय. त्या बाईला मी ओळखतो."

"मला नाही ओळखत?" बेबी ओरडली.

मी मध्ये पडले. काय वाटेल ते बोलले मी त्यांना. म्हातारचळ लागलाय म्हटलं, पोटच्या पोरीवर विश्वास नाही आणि नसलेल्या बाईवर आहे म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं असतं तर मला चाललं असतं. त्यांना पोरीची कीव आली होती. ते लंगडत आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

बेबी म्हणाली, उद्या राजीनामा देते. मी म्हटलं, आधी वर जाऊन सिस्टरच्या पाया पड. ती उठली, तेवढ्यात तिचा फोन वाजला, मग माझाही. गल्लीचा ग्रुप.

ह्यांनी लिहिलं होतं. एका बोटाने, अक्षर शोधून शोधून लिहिलं असणार. "मित्रांनो, फार जड मनाने सांगतो. ते लोक आता माझ्या घरातही शिरले आहेत. माझ्या लेकीला फितवलं आहे. तिचं वय लहान आहे, तिला दोष देऊ नका. पण ती काही सांगायला आली तर विश्वास ठेवू नका."

खाली उत्तरं यायला लागली. काका, धीर धरा. काका, तुमच्यासारखा बाप हवा. अशा लेकीला घरात कशाला ठेवता? सिस्टर आणि ती, दोघींना एकदमच बाहेर काढा. ती अजून घरातच आहे का? एकामागून एक, वाचून होईस्तोवर खाली नवीन.

बेबी एकेक उत्तर बोटाने थांबवून वाचत होती, पुन्हा वर जात होती, पुन्हा खाली येत होती.

"काय शोधतेस गं?" मी विचारलं.

"आमच्या ऑफिसातली खोटी नावं," ती म्हणाली. "आई, यात आमचं एकही नाही. ही सगळी खरी माणसं आहेत."

बाहेर कोणीतरी आमच्या दारासमोर थांबून बोलत होतं. दुपारचं ऊन होतं, गल्ली ओळखीची होती, आवाजही ओळखीचे होते. मला इतकी भीती वाटली की मी उठले आणि दाराला आतून कडी घातली.